साठीनंतरचा परमार्थ

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना महामार्गावर शहापूर हे गाव लागते. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. बांधीतले धान आणि निर्माणीतील नोकरी या दोन आधारांवर या परिसरातील अनेक कुटुंबे उभी राहिली, मुले शिकली, घरे पक्की झाली. २४ जानेवारी २०२५ च्या शुक्रवारी सकाळी त्याच निर्माणीत भीषण स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगार प्राणास मुकले. दूरवरच्या गावांना हादरा बसला. सकाळी घरून निघताना संध्याकाळच्या भाजीची, महिन्याच्या हप्त्याची, मुलांच्या परीक्षेची बोलणी करून गेलेली माणसे परत आली नाहीत.

स्फोट का झाला, कोणाची चूक होती, सुरक्षेची व्यवस्था कुठे कमी पडली, हे प्रश्न चौकशीचे आहेत आणि त्यांची उत्तरे मिळालीच पाहिजेत. देशाच्या संरक्षणासाठी दारूगोळा घडविणारे हे हात होते. त्यांच्या मृत्यूवर प्रवचन झोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु मागे राहिलेल्यांनी स्वतःला काही विचारायचेच नाही, असाही त्याचा अर्थ होत नाही. अशा प्रत्येक घटनेनंतर माणूस काही दिवस अंतर्मुख होतो. 'आयुष्याचा काय भरवसा' हे वाक्य चहाच्या टपरीपासून स्मशानघाटापर्यंत उच्चारले जाते. शास्त्रकारांनी याला 'स्मशानवैराग्य' असे नेमके नाव दिलेले आहे. तेराव्याचे जेवण आटोपले की ते वैराग्यही आटोपते आणि भरवसा नसलेल्या त्याच आयुष्यावर पुन्हा वीस-वीस वर्षांचे बेत रचले जातात.

या बेतांत एक गोष्ट हमखास शेवटच्या रकान्यात असते, ती म्हणजे परमार्थ. राज्य शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांना साठाव्या वर्षी निवृत्ती मिळते. त्यानंतर ज्ञानेश्वरी लावून वाचायची, आळंदी-पंढरपूर करायचे, काशीयात्रा करायची, जप वाढवायचा, असे मध्यमवर्गीय घराघरांत ठरलेले असते. तोवर मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, घराचे कर्ज, पदोन्नतीची परीक्षा! देव्हाऱ्यातील देव कुठे पळून जात नाही, अशी त्यामागची समजूत असते. देव पळून जात नाही हे खरेच आहे. पळते ते आयुष्य, आणि आयुष्याच्याही आधी पळते ती मनाची ताकद, हे मात्र ध्यानात घेतले जात नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो वरवर शास्त्रशुद्ध वाटतो. आपल्या पूर्वजांनीच चार आश्रम सांगितले; आधी ब्रह्मचर्य, मग गृहस्थाश्रम, नंतर वानप्रस्थ आणि शेवटी संन्यास. मग परमार्थ उत्तरायुष्यात करण्यात वावगे काय? हा युक्तिवाद करणारे आश्रमव्यवस्थेचा अर्धाच भाग सांगतात. पहिल्या आश्रमात संध्या, स्वाध्याय आणि गुरुसेवा होती. दुसऱ्यात पंचमहायज्ञ होते. देव, ऋषी, पितर, अतिथी आणि मुकी भूते यांचे ऋण रोजच्या रोज फेडल्याखेरीज गृहस्थाने जेवू नये, इतकी ती शिस्त कडक होती. वानप्रस्थ ही त्या दीर्घ सरावाची पुढची पायरी होती. पन्नास वर्षे केवळ अर्थ आणि काम यांची उपासना करायची आणि एकावन्नाव्या वर्षी एकाएकी अरण्याची वाट धरायची, असे शास्त्राने कधीच सांगितलेले नाही. पायथ्याशी बसून राहणाऱ्याला शिखरावरच्या पायरीचा हवाला देता येत नाही.

उलट आपल्या परंपरेतील थोर जिज्ञासू वयाने लहान आहेत, हे विसरता येणार नाही. कठोपनिषदातील नचिकेता बालक आहे. यमधर्म त्याला दीर्घायुष्य, पुत्रपौत्र, गजधन, राज्य देऊ करतो आणि तो ते सारे नाकारून मृत्यूपलीकडचे काय ते विचारतो. भागवतातील प्रल्हाद पाठशाळेतील सवंगड्यांना भागवतधर्म कौमारापासूनच आचरावा असे सांगतो आणि त्यांच्यापुढे आयुष्याचा हिशेब मांडतो. शंभर वर्षांचे आयुष्य धरले तरी निम्मे झोपेत गेले, वीस वर्षे बालपणात आणि खेळण्यात गेली, वीस वर्षे म्हातारपणाच्या असमर्थतेत गेली. उरले किती, आणि त्या उरलेल्यावर संसाराचा केवढा दावा! हा हिशेब एका बालकाने मांडला आहे आणि आजच्या हिशेबनीसांना तो खोडून काढता येणार नाही.

प्रश्न केवळ मृत्यू अचानक येतो एवढाच असता तर एखादा म्हणेल, 'माझ्या घराण्यात सगळे ऐंशी-नव्वदीपर्यंत जगले, मला घाई नाही.' दीर्घायुष्य लाभले तरी साधनेची साधने शाबूत राहतील याची हमी कोण देणार? परमार्थाला मन लागते, स्मरण लागते, एकाग्रता लागते. भारतातील वृद्धांची पाहणी करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा आहे की, साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जण स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. ज्या नामाचा जप उद्या करायचा म्हणून ठेवला ते नामच आठवेनासे झाले तर? ज्या ग्रंथाची पारायणे करायची, त्याची ओळ डोळ्यांना दिसेनाशी झाली तर? गुडघे धड असताना जी वारी केली नाही, ती गुडघे गेल्यावर कशी होणार? आणि अखेरच्या घटकेला कानाशी कोणी नाम घेईल, मुखात तुळशीपत्र ठेवील, हा भरवसाही आता उरलेला नाही. २०२१ च्या महामारीच्या दुसऱ्या लाटेत कितीतरी जणांनी आपल्या माणसाच्या स्पर्शावाचून, यंत्रांच्या सोबतीने प्राण सोडले. त्या क्षणी आत जे साठवलेले होते तेवढेच कामाला आले.

गीतेचा आठवा अध्याय नेमका येथेच बोट ठेवतो. अंतकाळी ज्या भावाचे स्मरण करीत माणूस देह सोडतो त्या भावाला तो जाऊन पोहोचतो, हा त्यातील सिद्धान्त सर्वांना पाठ असतो. अनेकांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला की, अखेरचा क्षण साधला म्हणजे झाले. अजामिळाने नाही का मुलाला हाक मारता मारता नारायणाचे नाव घेतले! परंतु भगवंतांनी लगेच पुढे अर्जुनाला काय सांगितले? शेवटच्या क्षणाची वाट पाहा असे सांगितले नाही. 'म्हणून' सर्वकाळ माझे स्मरण कर आणि युद्धही कर, असे सांगितले. त्या 'म्हणून' मध्ये सारे मर्म आहे. अखेरचा क्षण स्वतंत्रपणे साधता येत नाही. उभ्या आयुष्यात जे घोकले तेच त्या क्षणी ओठांवर येते. जन्मभर भावाच्या वाट्याची दोन बांध्या जमीन घोकली असेल तर शेवटी सात-बाराच आठवणार!

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांतील आठव्या अध्यायावरील प्रवचनाचे नाव 'प्रयाण-साधना : सातत्ययोग' असे आहे. मरणाची तयारी आणि रोजचे सातत्य या दोन गोष्टी त्यांनी एकाच शीर्षकात बांधल्या. पुढे पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनारच्या आश्रमात आजारी पडल्यावर त्यांनी अन्न आणि औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, शांतपणे देह ठेवला. विनोबांची सारीच मते सर्वांना पटली नाहीत, आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर टीकाही झाली. पण तुरुंगात सांगितलेला अध्याय अर्धशतकानंतर देहाने खरा करून दाखविणे ही काही ऐनवेळची करामत नव्हती. तिच्यामागे पन्नास वर्षांतला प्रत्येक दिवस उभा होता.

त्याच विनोबांच्या चरित्रात उशिराची एक हळवी कथाही आहे. संस्कृत गीता कळत नाही म्हणून त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंनी मराठीत समजेल अशी गीता मागितली आणि 'तूच का करीत नाहीस' असे मुलाला सुचविले. त्या १९१८ साली निवर्तल्या. 'गीताई' लिहून पुरी झाली ती १९३१ साली. विनोबांसारख्याच्या हातूनही आईच्या हयातीत ते घडले नाही. मग इतरांनी 'पुढे पाहू' म्हणून ठेवलेल्या संकल्पांची काय कथा! त्याउलट लोकमान्य टिळकांचे उदाहरण आहे. १८७२ साली वडील अंथरुणाला खिळले असताना गीतेवरील एक मराठी टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळ गंगाधराकडे आले. गीतेशी आपला परिचय तेथून झाला, असे टिळकांनीच 'गीतारहस्या'च्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. मरणशय्येवरच्या पित्याच्या श्रवणातून एका मुलाच्या आयुष्यभराच्या चिंतनाचे बीज पडले. मंडालेच्या कोठडीत त्याचा वृक्ष झाला. ज्या घरात वडीलधारे गीता ऐकतात, त्या घरात मुलगा ती वाचतो. ज्या घरात वडीलधाऱ्यांनी ती साठीनंतर ऐकायची ठरविली आहे, त्या घरातील मुले तोवर अमेरिकेत किंवा बंगळुरात पोहोचलेली असतात.

'संसार आहे, वेळ नाही' ही सबब मराठी माणसाने सांगावी हे तर नवलच. संतांच्या मांदियाळीत सावता माळ्याचा मळा होता, गोरोबांचे चाक होते, सेना महाराजांची धोकटी होती, जनाबाईंचे जाते होते. तुकोबांचे देहूला दुकान होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरातील माणसे आणि व्यापार दोन्ही गेल्यावर त्यांनी उरलेली कर्जखते इंद्रायणीत बुडविली. त्यातही भाऊ कान्होबाचा वाटा आधी त्याला देऊन टाकला, असे परंपरा सांगते. परमार्थासाठी कर्तव्य टाकावे लागत नाही. कर्तव्याच्या आड लपणे तेवढे टाकावे लागते. आणि वय? ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये सिद्ध झाली आणि सहा वर्षांनी ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, तेव्हा त्यांचे वय परंपरेनुसार एकवीस वर्षांचे होते. वैदर्भीयांना तर दूर जाण्याचीही गरज नाही. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टीला पारखे झाले. प्रपंच सांभाळून, इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन, त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली आणि १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. अठ्ठावन्नाची वाट पाहणाऱ्यांनी या चौतिसाचा विचार करावा.

शहापूरकरांच्या अगदी उंबऱ्यापाशीही एक स्मृती आहे. आठ शतकांपूर्वी श्रीचक्रधरस्वामी भ्रमंती करीत भंडाऱ्यास आले. तेथे त्यांना नीळभट्ट भांडारेकार भेटले आणि ते स्वामींच्या मागे निघाले. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात त्यांची आठवण जपली गेली आहे. भंडाऱ्याचे नाव मराठीच्या आद्य गद्यग्रंथात असे कोरले गेले ते एका माणसाच्या तत्परतेमुळे. दारात आलेला क्षण त्याने ओळखला. 'स्वामी, पुढच्या खेपेला या, तोवर घरची व्यवस्था लावतो' असे म्हणणारेही त्या गावात असतीलच. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

मध्यमवर्गीय गृहस्थाप्रमाणेच समाजकार्यात गढलेल्या कार्यकर्त्यानेही येथे थोडे थांबले पाहिजे, कारण त्याची सबब अधिक देखणी असते. 'समाजाची सेवा हीच माझी पूजा, मला वेगळ्या साधनेची गरज नाही,' असे तो म्हणतो. सेवा ही पूजा होऊ शकते यात शंका नाही. पण ती पूजा आहे की नुसती धावपळ, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे? बैठका, प्रवास, कार्यक्रम, निवडणुका यांच्या रगाड्यात वीस वर्षे निघून जातात आणि एके दिवशी जबाबदारी दुसऱ्याकडे गेली की तोच कार्यकर्ता कडवट होतो, मान मिळाला नाही म्हणून रुसतो. पूजा असती तर पुजारी बदलल्याचे दुःख झाले नसते. समर्थांनी दासबोधात हरिकथा-निरूपणाला पहिले स्थान दिले, राजकारणाला दुसरे आणि सावधपणाला तिसरे. त्यांना राजकारण गौण वाटत होते म्हणून हा क्रम नव्हे. पहिल्यावाचून दुसरे बिघडते हे त्यांनी पाहिले होते. ज्याने स्वतःच्या अंतःकरणाची मशागत उद्यावर टाकली आहे, त्याच्या हातून होणाऱ्या लोकसेवेत अहंकाराचे तण माजल्याशिवाय राहत नाही.

भंडाऱ्याच्या मातीला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. धानाची शेती करणारा प्रत्येक जण जाणतो की, पऱ्हे रोवणीला आले की रोवणी करावीच लागते. वाफ्यातच पऱ्हे जुने झाले तर पुढे कितीही खत घातले आणि पाणी दिले तरी फुटवे धरत नाहीत. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजातील पूर्वजांनी जमिनीचा उतार पाहून तलाव बांधले. 'मामा तलाव' या नावाने ते आजही ओळखले जातात. पाऊस पडत होता तेव्हा पाळी बांधल्या, म्हणून पाऊस उघडल्यावर पीक तगले. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, देखभालीची जुनी घडी विस्कटली आणि कितीतरी तलाव गाळाने भरले. ते कोणा शत्रूने फोडले नाहीत, एका रात्रीत आटले नाहीत. दरवर्षी बोटभर गाळ साचत गेला आणि दरवर्षी 'पुढच्या उन्हाळ्यात काढू' असे म्हटले गेले. मनुष्याच्या मनाचेही असेच होते. पंचविशीतला राग, पस्तिशीतला लोभ, पंचेचाळिशीतला मत्सर यांचा थर वर्षानुवर्षे बसत जातो आणि साठीला माणूस जपमाळ हाती घेतो तेव्हा पाणी साठायला जागाच उरलेली नसते. मग माळ फिरते आणि मन सुनेच्या उधळपट्टीचा हिशेब करीत राहते.

याचा अर्थ साठी उलटलेल्यांनी निराश व्हावे असा नाही. परीक्षित राजाला सातच दिवस मिळाले होते आणि तेवढ्यात त्याने भागवत ऐकून आयुष्याचे सोने केले. ज्याच्या हाती सात दिवस उरले आहेत त्याने सातही दिवस वापरावेत. ती वेळ मागील वर्षांसाठी हळहळण्यात घालवू नये. परंतु ज्याच्या हाती तीस वर्षे आहेत त्याने परीक्षिताचा दाखला देऊन एकोणतीस वर्षे झोपून काढावीत, हे मात्र परीक्षितालाही मान्य झाले नसते. त्याच्याकडे सात दिवस आहेत हे त्याला ठाऊक तरी होते. इतरांना तेवढेही ठाऊक नसते.

मग करायचे काय? घरदार सोडायचे नाही, नोकरीचा राजीनामा द्यायचा नाही, मोठ्या अनुष्ठानाचा मुहूर्तही शोधायचा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भातील खेड्यापाड्यांना सामुदायिक प्रार्थनेची सवय लावली. दिवसभर राबलेली माणसे ठरल्या वेळी एकत्र बसत, लहानथोर, गरीब-श्रीमंत एकाच ओळीत. त्यांची ग्रामगीता एकेचाळीस अध्यायांची आहे आणि तिच्यात प्रार्थनेइतकेच ग्रामसफाईला, शिक्षणाला, व्यसनमुक्तीला महत्त्व आहे. परमार्थ हा दिवसाच्या वेळापत्रकात बसतो, हे त्यांनी निरक्षरालाही पटवून दिले. नागपूरचे महानत्यागी बाबा जुमदेवजी यांच्या उपदेशाने या भागातील असंख्य कष्टकऱ्यांनी भरतारुण्यात, भरसंसारात दारू सोडली. त्यांच्या बायकामुलांना विचारावे, की हे साठीनंतर घडले असते तर काय उरले असते!

तेव्हा दिवेलागणीला दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी पंधरा मिनिटे बंद करून घरातील सर्वांनी एकत्र बसावे. शुभंकरोती म्हणावी, गीतेचा एक श्लोक किंवा ज्ञानेश्वरीची चार ओव्या अर्थासह वाचाव्यात. दिवसातील आपल्याच वागणुकीची क्षणभर झडती घ्यावी. मनातून निघता निघत नाही अशी एक तरी अढी या वर्षी सोडावी. भावाशी तुटलेले बोलणे सुरू करावे, कारण ते बोलणे त्याच्या तिरडीशी करता येत नाही. एखादे व्यसन, एखादा हट्ट, एखादी हाव कमी करावी. एवढे पुष्कळ आहे. यात खर्च नाही, सुट्टी लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. तरीही हे घडत नसेल तर त्याचे कारण वेळेचा अभाव हे नसून इच्छेचा अभाव हे आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. इच्छाच नसेल तर ती निवृत्तिवेतनाच्या पहिल्या हप्त्याबरोबर घरपोच येणार नाही.

राष्ट्र, धर्म, संस्कृती यांविषयी आपण मोठ्या अभिमानाने बोलतो. ती संस्कृती ग्रंथालयात टिकत नाही. ती तुळशीपाशी लावलेल्या दिव्यात, जेवणाआधी जोडलेल्या हातांत आणि रागाच्या क्षणी आवरलेल्या जिभेत टिकते. ज्या पिढीने हे सारे उतारवयासाठी राखून ठेवले, तिच्या मुलांना ते पाहायलाच मिळत नाही, आणि जे पाहिले नाही ते त्यांच्या उतारवयातही आठवणार नाही. एका माणसाने परमार्थ पुढे ढकलला की त्याचे एकट्याचे आयुष्य रिते जाते. एका पिढीने ढकलला की साखळीच तुटते. ती कडी जोडून ठेवण्याचे काम आज ज्यांचे हातपाय चालतात, ज्यांची स्मृती ताजी आहे आणि ज्यांच्या घरात लहान मुले आहेत, त्यांचे आहे. आणि त्यासाठी आजची संध्याकाळ मोकळी आहे.